बीडाचा नांगरलेला तुकडा

रोहिणखेडच्या अलीकडे आमचं थोडं बीड आहे. बीड म्हणजे गवतासाठी राखलेलं रान. त्याला कोणी कधी नांगर लावला नव्हता. पवन्या गवत कमरेएवढं वाढायचं आणि दिवाळी झाली की मी बुलढाण्याहून कापणीला जायचो. मी धरलेली पात, म्हणजे माझ्या वाट्याची ओळ, वहिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा कापायची, ही गोष्ट वेगळी.

या गवतावर वहिनीच्या म्हशी जगत, आणि दुधाचा पैसा तिच्या हातात राही. दादाला पानतंबाखूलाही तिच्याकडेच मागावं लागे.

शेजाऱ्यानं आपलं बीड मोडून सोयाबीन पेरलं, तशी दादाची झोप उडाली.

"आपणच काऊन रिकामं ठेवून राह्यलो?"

"रिकामं कुठी आहे? गवत आहे न त्याच्यात," वहिनी म्हणाली.

"गवतच ते. सोडून देलं का पुन्हा येते. बरोबर न बे?"

हे 'बे' मला होतं. घरात शिकलेला मी. मी पोहे खात होतो, तोंड भरलेलं, म्हणून नुसती मान हलवली. ती होकारात धरली गेली.

"मंग माह्या म्हशी तुमच्या दोघायच्या डोक्स्यावर चारू काय?"

बऱ्याच वादानंतर रस्त्याकडचा अर्धा तुकडा नांगरायचं ठरलं. पहिल्या वर्षी सोयाबीन बरं आलं. दादा गावातून छाती काढून फिरला. पुढच्या पावसात वरची माती नाल्यात गेली, मुरूम उघडा पडला. त्यानंतर बियाण्याचा खर्चही निघेना. मग तुकडा सोडून दिला आणि आम्ही गवताची वाट पाहू लागलो.

आलं ते गाजरगवत. लांबून हिरवं दिसलं म्हणून मी दादाला फोन करून अभिनंदनही केलं. म्हशी त्याला तोंड लावत नाहीत, हे त्यानं मला फोनवर फार थोड्या शब्दांत सांगितलं.

वहिनीनं एक म्हैस नांदुऱ्याच्या बाजारात विकली. मग गवताच्या गंजीच्या तळाशी उरलेला बियांसकटचा चुरा पोत्यात भरून ती त्या तुकड्यावर फेकत राहिली. पवन्या उगवला, पण माझ्या डोक्यावरच्या केसांसारखा, इथे चार तिथे दोन.

यंदा कापणीच्या वेळी सोलरवाला माणूस आला. त्याला सगळंच बीड भाड्यानं हवं होतं.

"पॅनलच्या खाली गवत राहतेच, बाई."

"म्हशी जातीन काय खाली?"

"तसं नाही, तारेचं कुंपण राहीन न."

"मंग गवत तुम्हीच खाजा."

तो हसून दादाकडे वळला. दादानं माझ्याकडे पाहिलं, कारण सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत आणि सही दोघांचीही लागते. "वहिनीला विचारा," मी म्हणालो. मी याला तत्त्व म्हणतो, माझी बायको घाबरटपणा म्हणते. तिचं बरोबर असावं.

"देत नाही म्हना त्याले," वहिनी म्हणाली. दादानं तसं सांगितलं.

त्याची गाडी शेजाऱ्याच्या बांधाकडे वळली. शेजाऱ्यानं आपलं उरलंसुरलं रान सोलरला देऊन टाकलंय, असं कळलं.

"मंग त्याचे ढोरं कुठी चरतीन आता?" दादानं विचारलं.

"आपल्या बीडात घुसतीन, अजून कुठी? उठा, बांधावर लावाले बोराटीचे काटे आना. भाऊजी, तुम्हीबी."

यात कोणी सही मागत नव्हतं. आम्ही दोघे लगेच निघालो.