विमलबाईंनी पास केलेले ट्रान्झिस्टर

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – तिला तर मी उलटंच सांगितलं होतं, की हयगय करणाऱ्या एका बाईला आज कामावरून काढलं. तुम्हाला सांगतोय, कारण आता हे सांभाळत बसायचा कंटाळा आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द नकोत. दमलोय, एवढंच.

चिकलठाण्याला एका शेडमध्ये आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायचो. मी टेस्टिंगचा सुपरवायझर. म्हणजे काय, तर आलेले ट्रान्झिस्टर चांगले की खराब ते तपासून घ्यायचं, आणि तपासणाऱ्यांवर रुबाब करायचा. विमलबाई माझ्या हाताखाली. बिडकीनहून एसटीने यायच्या. घरचे मेंढ्या राखणारे, शिक्षण सातवीपर्यंत. हे काम त्यांना मीच शिकवलं, काट्याच्या मीटरवर. ट्रान्झिस्टरला तीन पाय. मधल्या पायावर मीटरची काळी वायर धरायची, लाल वायर बाकीच्या दोन पायांना आळीपाळीने लावायची. दोन्ही वेळा काटा हलला की नग चांगला. बाई खोक्यातला एखादा खराब नग बरोबर हुडकून काढायच्या. माझ्यापेक्षा लवकर – तेही आता कबूल करून टाकतो.

पुढे मालकांच्या मागे लागून मी आकड्यांचा मीटर आणवला. जुन्या मीटरला सगळ्यांसमोर डबडं म्हणालो. आणि पहिल्याच दिवशी, शेखी मिरवायची म्हणून, विमलबाईंनी पास केलेलं खोकं पुढ्यात ओढलं. मधल्या पायावर काळी वायर – हाताला सवय तीच. मीटर काही दाखवेना. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वीस नग लावून बघितले. सगळे खराब.

आता तुम्हीच सांगा, वीसच्या वीस खराब निघाले तर शहाणा माणूस आधी कशावर संशय घेईल? मीटरवर. नाहीतर स्वतःच्या हातावर. मी बाईवर घेतला. मीटर माझा होता ना!

मी ओरडलो. न तपासता माल पास करता म्हणालो, फुकटचा पगार खाता म्हणालो. मालक केबिनमधून बाहेर आले. विमलबाई एवढंच बोलल्या, "सर, येकयेक लावून बघितला म्या. तुमी शिकवलं तसंच." कुणीतरी हसलं. मीही हसलो. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

त्या बाहेर पडल्या आणि मी सहज वायरींची अदलाबदल केली. सहज? नाही – शंका आधीच आली होती. मधल्या पायावर लाल वायर धरली. आकडे आले. दोन्हीकडे आले. वीसच्या वीस नग चांगले. काट्याच्या मीटरमध्ये आतल्या सेलचं धन टोक काळ्या वायरीवर येतं, आकड्यांच्या मीटरमध्ये ते लाल वायरीवर असतं. मीटरसोबतच्या कागदात छापलेलं होतं. कागद मी वाचला नव्हता.

विमलबाई अजून समोरच्या थांब्यावर उभ्या होत्या. खिडकीतून त्यांचं हिरवं पातळ दिसत होतं. एक हाक मारायची, बस. पण मग सगळे मला हसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मी मूठ झाकून उभा राहिलो. बस आली, त्या गेल्या. दुपारी ते खोकं मी गुपचूप पुढे पाठवलं. त्यातल्या एकाही नगाची तक्रार आली नाही. मालकांनी नव्या मीटरचं कौतुक केलं. माझंही केलं.

इथवर असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण बऱ्याच वर्षांनी औरंगपुऱ्यात त्या दिसल्या. केस पिकलेले, सोबत सून. मी मान वळवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. सुनेला म्हणाल्या, "हे आमचे सर. लई जीव लावून शिकवलं मला." मग सांगू लागल्या. नंतर एका रेडिओच्या दुकानातून कामाचं बोलावणं आलं होतं, पण त्या गेल्याच नाहीत. "डोळ्याचा भरवसाच ऱ्हायला नाय, सर. तवा माझंच कायतरी चुकलं असंल. तुमची मान खाली घातली म्या."

इतकी वर्षं बाईने ते खरं मानलं होतं. मला काय सांगायचं होतं? वायरी मी उलट्या लावल्या होत्या – एवढं एकच वाक्य. जिभेवर आलं होतं, खरंच आलं होतं. सून माझ्याकडे आदराने बघत होती.

मी म्हणालो, "जाऊ द्या विमलबाई, होतं असं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात जोडले, आणि सुनेला माझ्या पाया पडायला सांगितलं. ती वाकली. मी आशीर्वाद दिला.