तेलाची वाटी आणि डॉक्टरबाई

डॉ. वसुधाताई कारेकर यांची नि माझी ओळख माझ्या कुरकुरीनेच झाली. आम्ही मूळ निपाणीकडचे. अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, मला आपली किडनी दिली. पीण्या औद्योगिक वसाहतीतलं माझं वेल्डिंगचं वर्कशॉप पुन्हा सुरू झालं आणि किडनीच्या डॉक्टरांनी मला धाडलं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे! "बदलली किडनी, आणि दाखवायची कातडी?" मी गेल्या गेल्या विचारलं.

बाई हसल्या. शरीराने परकी किडनी नाकारू नये म्हणून जी औषधं कायम घ्यायची, ती शरीराचा पहाराही ढिला करतात. मग उन्हाने बिघडलेल्या त्वचेत कर्करोग वाढू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वेल्डिंगच्या ठिणगीपासून दूर राहणं, सगळं सांगितलं. मग अक्काकडे वळल्या. "दिवाळीत भावाला तेल लावता ना? आता दर रविवारी लावा. पाठ, मान, कानामागे नीट बघा."

रुग्णाला घाबरवायचं नाही, घरच्याच रीतीला कामाला लावायचं, ही बाईंची पद्धत. सर्जापूर रोडवरच्या आयटीवाल्यांना तेल परवडत नाही म्हणे, त्यांच्या बायकांना बाई मोबाइलवर पाठीचे फोटो काढायला लावतात.

एका रविवारी अक्काचा हात माझ्या कानामागे थांबला. "बाळू, हितं काय खरखरीत लागतंय रे?"

मला कर्करोगापेक्षा दुसरीच भीती वाटली. औषधं बंद करावी लागली तर अक्काने दिलेलं वाया जाणार. बाईंनी सुट्टी असूनही आम्हाला यशवंतपूरच्या आपल्या घरी बोलावून तपासलं. निघाला कर्करोगच, पण वेळेत सापडला. गाठ काढली, किडनीच्या डॉक्टरांशी बोलून औषधं बेताने बदलली. त्यानंतरच्या किडनीच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी अक्का रडू लागली, तर बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. "किडनी सुखरूप आहे, अक्का. स्वल्प कॉफी घ्या बघू." तो दिवस मी विसरणार नाही.

परवा तपासणीला गेलो, तेव्हा अक्काने सहज विचारलं, "बाई, तुमची पाठ कोण बघतंय?"

"एकटीच तर असते मी. कोण बघणार?" बाई बोलून गेल्या.

"सरी, बरं तर, मी येते की!"

पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. सत्काराचे हारतुरे आटोपले की येत्या रविवारी सकाळी त्यांनी कृपया घरीच असावं. अक्का तेलाची वाटी घेऊन निघणार आहे.