कोंडिबामामांचं पथ्य

पूर्णा जंक्शनच्या इंजिन शेडमध्ये मी फायरमन होतो. निजामाची सत्ता जाऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. तेव्हाचे जुने गडी भेटले की एका किश्श्याचं शेपूट धरून दुसरा निघतो, अन् निम्म्यांत आमचे ड्रायव्हर कोंडिबामामा असतातच!

एकदा मामा इंजिनात चढताना दारातच अडकले.

"मामा, आत या की!"

"मी आत आलोय रे, पोट बाहेर राहायलंय!"

शेडमधल्या दोघा खलाशी मजुरांनी मागून रेटलं, तेव्हा कुठं गाडी सुटली. आमी पोट धरून हसलो. मामांना मात्र ते लागलं.

*

संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "जेवण निम्मं करा."

मामा म्हणजे एक घाव दोन तुकडे! "निम्मं-बिम्मं आपल्याला जमत न्हाई," म्हणाले, अन् खाणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी चुडावा स्टेशनच्या अलीकडं, भरली पॅसेंजर पळत असताना, मामा धाडकन माझ्या अंगावर पडले! माझ्या हातातलं फावडं गळालं. कसाबसा ब्रेक लावला. गाडी थांबली.

गार्ड धावत आला. "इंजिन बिघडलं का?"

"इंजिन ठीक हाय. ड्रायव्हरची वाफ संपली!"

*

एवढ्यावर माणूस शहाणा व्हावा? मामा तालमीत गेले! वस्तादानं पन्नास बैठका सांगितल्या, यांनी पहिल्याच दिवशी तीनशे मारल्या. दुसऱ्या दिवशी गुडघे वाकेनात. आमी चौघांनी खाटेवर घालून घरी नेलं.

खाट बघून अनसामामींनी हंबरडाच फोडला. मामा खाटेवरून ओरडले, "अगं, जिवंत हाय मी!"

*

त्या दिवसापासून कारभार मामींनी हातात घेतला. दोन भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. शेडवर पायी जायचं, पायीच यायचं.

"अन् सणाला?" मामांनी भीत भीत विचारलं.

"पोळी खावा की! दुसऱ्या दिवशी जरा कमी जेवा. एखाद्या दिवशी चालणं चुकलं तर चुकू द्या, पर सोडू नका. तुमचं एक तर तुफान, न्हाईतर बंद!"

मामांना एवढं सुनावलेलं आमी पहिल्यांदाच ऐकलं. आमीच गार पडलो!

*

सहा महिन्यांनी मामांच्या भाचीचं लग्न ताडकळसला होतं. पंचवीस जिलब्या बसल्या बैठकीत उडवणारा म्हणून मामांची पंचक्रोशीत ख्याती. पंगतीत लोक जेवण सोडून त्यांच्याच पानाकडं बघायलेले.

मामांनी दोन जिलब्या खाल्ल्या. सावकाश. मग पानावर हात आडवा धरला.

वाढप्याच्या हातातली जिलबी तशीच लोंबकळत राहिली. नवरीचा बाप घाबरून हात जोडत आला.

"मामा, आमचं काय चुकलं का?"

"छे हो, काय न्हाई. पोट भरलं माझं."

समोर मामांचे थोरले भाऊ जेवत होते. ते ताडकन उठले अन् ओरडले,

"गाडी जुंपा रे! कोंडिबाला वैद्याकडं न्यायला पाहिजे!"