मुलगा कसा आहे?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोणती पोरं पुढे अतिरेकी होतील ते आधीच हेरायला मुलुंडच्या आमच्या इमारतीत साध्या कपड्यांतला एक पोलीस आला. चपला दाराबाहेर जोडून ठेवून तो बशीतल्या चहावर फुंकर घालत बसला.

"तुमचा मुलगा मित्रांत रमतो?" त्याने मला विचारलं.

"नाव नको! कॉलेज ते घर, मान खाली."

"घरात बोलतो?"

"विचारलं तर. एरवी दार लावून वाचत असतो."

लग्नाच्या चौकशीला देतात तीच उत्तरं मी अभिमानाने दिली. त्याने बशी खाली ठेवली.

"बाई, ही सगळी धोक्याची लक्षणं. उद्या चौकीवर पाठवा त्याला."

मी तिथल्या तिथे पलटले. "अहो, खोटं बोलले मी. एक नंबरचा उनाड आहे. नाक्यावर शिट्ट्या मारतो, दोनदा नापास झालाय."

त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग काही भीती नाही," म्हणत त्याने चहा संपवला.

चपला घालताना मात्र तो घुटमळला. "आधीचं खरं असेल तर सांगा हं. माझी पुतणी लग्नाची आहे."

"आधी तुमच्या साहेबांना तो उनाड असल्याचं कळवा," मी म्हटलं. "मग पत्रिका देते."