तलावावरची हिरवी साय

पहिला फटका काकीचा होता. रबरी चपलेचा, उजव्या गालावर. काकी म्हणजे आमच्या मुलुंडच्या चाळीतली शेजारीण, मूळची मालवणकडची. लहानपणी तिच्या हातची पेज खाऊन मी शाळेत गेलोय. "माजे मासे मारलंस रे मेल्या!" असं ओरडून तिनं मारलं, आणि तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना जणू परवानगीच मिळाली.

तलावभर मासे पोट वर करून तरंगत होते. आदल्या संध्याकाळी मी काठावरून कॅनमधलं तपकिरी पाणी तलावात ओतताना लोकांनी पाहिलं होतं. ती माझी नोकरी होती. गुळाच्या पाण्यात वाढवलेले जिवाणू, तलावातली घाण खाणारे. ठेकेदाराने तसा बोर्ड लावायला हवा होता, लावला नाही. त्यामुळे सकाळी पुन्हा दुसरा कॅन घेऊन उभा असलेला मी, आणि समोर मेलेले मासे, एवढाच हिशेब लोकांनी केला.

मासे कशाने मेले ते मला पाण्याकडे बघताच कळलं होतं. दुधावर साय धरावी तसा हिरवा थर धरला होता. एकेकटं डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ असतं ते. उन्हात ते पाण्यात प्राणवायू सोडतं आणि अंधार पडला की स्वतःच ओढून घेतं. ढगाळ दिवसांनंतर पहाटे माशांना श्वासापुरताही उरत नाही. या शेवाळाला पोसलं काठावरच्या टॉवरमधून तलावात येणाऱ्या गटारानं, आणि कणकेच्या गोळ्यांनी.

गोळ्यांची सुरुवात काकीची. कोविडमध्ये काका गेले, तेव्हा तिला त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. माशांच्या मुखी घातलेलं काकांना पोचतं, असं कुणीतरी तिला सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी ती कणकेचे गोळे घेऊन जायची. तिचं बघून बाकीचेही पाव, टोस्ट, शिळ्या पोळ्या आणू लागले. मी कितीदा सांगितलं, नका टाकू. पुण्यकर्मात नाक खुपसणाऱ्याचं कोण ऐकतं?

लाथा पडत होत्या. कुणी केस धरले होते. ट्रॅकसूट घातलेला एक जाडा माणूस कॅन माझ्या तोंडाला लावून म्हणाला, "पी! पी ना आता!" मी प्यायलो. घटाघट प्यायलो. आंबलेल्या गुळाची चव, बाकी काही नाही. दोनचार हात थबकले. मला वाटलं, सुटलो.

"आधीच उताऱ्याचं औषध घेऊन आला असेल," जाडा म्हणाला. "तलावाचं पाणी पाजा याला!"

त्यांनी माझं डोकं त्या हिरव्या थरात दाबलं. मी दात घट्ट आवळले. त्या थरातलं शेवाळ कधी कधी विष सोडतं, यकृताची वाट लावतं, हे मला ठाऊक होतं. आणि तिथेच माझा घात झाला. "बघा, तोंड उघडत नाही! विष आहे, याला माहितीये!" मग कुणालाच काही शंका उरली नाही. नाकात पाणी, पाठीवर कुणाचा तरी गुडघा, बरगडी कडकन वाजलेली मी ऐकली. मी मरणार होतो. शेवटी जाड्याचा अंगठा दातांत सापडला. हाड लागेपर्यंत चावलो. त्याच्या किंकाळीनं हात सुटले आणि मी काठावर ओकत पडलो. अजून तो माणूस दिसला की मला दुसरा अंगठा चावावासा वाटतो.

ओठाला आणि गालाला टाके घालून घरी आलो. कामावरच्या मित्रानं तलावाचं पाणी बाटलीतून आणून दिलं. कॉलेजातला माझा जुना सूक्ष्मदर्शक काढला, काचेवर एक थेंब ठेवला आणि काकीला हाक मारली. समजावायला वगैरे नाही. तिला खजील झालेली बघायचं होतं मला.

ती आली. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. हिरव्या मण्यांच्या माळा, मध्ये वळवळणारे ठिपके.

"जिवंत आसत ही?"

"हो."

"काय खातत?"

"गटार. आणि तुझे गोळे."

"मासे खायत ते."

"थोडे खात असतील. बाकी सगळे तळाला जाऊन कुजले, काकी. यांनी खाल्ले."

ती वळली. "म्हणजे तेंका पोचलाच नाय?"

मी "नाही" म्हणालो. मला राग होता आणि मी म्हणालो.

तिनं टाक्यांच्याच गालावर मारलं. टाका उसवला. मग छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे मारत सुटली, म्हाताऱ्या हातांनी, दम लागेपर्यंत. रक्त दिसलं तशी थांबली. पदराच्या टोकानं माझं तोंड पुसू लागली, आणि पुसता पुसता, भांडताना विचारावं तसं तिनं विचारलं,

"मगे आता तेंका मी काय घालू?"