जांभळ्या झाकणांचं मैदान

आमच्या पेद्रोसा गावात माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, आणि पहिल्या सव्वीस वर्षांत मी जांभळ्या रंगाचा एक डबा विकला नाही. ठेवलाच नाही, तर विकणार काय! जांभळा हा चौदा मैलांवरच्या विल्कॉक्सच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा रंग. आमचा हिरवा. इथल्या मुली लग्नात जांभळी फुलं हातात धरत नाहीत. ईस्टरच्या आधीच्या उपासात पाद्रीबाबा जांभळा झगा घालून उभे राहिले की निम्मं चर्च आपापल्या बुटांकडे बघतं. पाद्रीबाबा मूळचे विल्कॉक्सचेच, त्यामुळे त्यांना मनातून मजा वाटत असणार.

या वेडाचं मूळपीठ म्हणजे लुसिंडा बेटनकोर्ट. वय एकसष्ट, उंची पाच फूट, आवाज सात फूट. शाळेच्या मैदानाची राखण चौतीस वर्षं तिच्याकडे. गाव तिला ‘तिया’ म्हणतं, म्हणजे आत्या. अझोर्स बेटांवरून गाई राखायला आलेल्या तिच्या बापानं त्या मैदानात गवताचे पहिले ठोंब लावले. ती रोज सकाळी अनवाणी सगळं मैदान फिरते. बूट घातले तर गवताला कुठे तहान लागली ते कळत नाही, असं तिचं म्हणणं.

दोन्ही गावांची मॅच दरवर्षी होते, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. पाहुणा संघ जिंकला तर यजमानांच्या मैदानाच्या मधोमध वाकून मूठभर गवत उपटून नेतो. विल्कॉक्सनं आमचं गवत इतक्यांदा नेलंय की लाज वाटते. दर वेळी ते टक्कल भरून यायला तीन आठवडे लागतात, आणि तीन आठवडे लुसिंडाच्या शिव्या थांबत नाहीत.

मग तीन वर्षं दुष्काळ पडला. गावाच्या विहिरी खाली गेल्या, मैदानाचं पाणी बंद झालं आणि गवत पायाखाली पापडासारखं वाजू लागलं. यंदाची मॅच आमच्याकडे होती. शाळेनं सांगितलं, सप्टेंबरअखेर तपासनीसानं मैदान नापास केलं तर मॅच विल्कॉक्सला, आणि इथे प्लास्टिकचं गवत.

"यंदा जरा पाऊस झाला असता तर..." मुख्याध्यापक म्हणाले.

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" लुसिंडा कडाडली. "पाणी कुठून आणणार ते बोला. प्लास्टिक घालणार असाल तर पोरंही प्लास्टिकचीच आणा, आणि मला त्याखाली पुरा."

त्याच उन्हाळ्यात दोन्ही नगरपालिकांनी कधी नव्हे ते एकत्र बसून जमवलं. आमचं सांडपाणी विल्कॉक्सच्या नव्या केंद्रात जायचं, तिथे दोन्ही गावांचं एकत्र शुद्ध व्हायचं आणि आमचा वाटा नळानं परत बागांना आणि मैदानाला यायचा.

"विल्कॉक्सवाल्यांच्या संडासाचं पाणी माझ्या गवताला?"

"दोन्ही गावांचं, तिया."

"म्हणजे वर भेसळ!"

पण संध्याकाळी ती वाळक्या गवतावर बराच वेळ बसून राहिली आणि मला म्हणाली, "येऊ दे. अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावची जत्रा होती. सगळं गाव मिरवणुकीत होतं, मग गाईच्या मांसाच्या रश्शात भिजवलेल्या पावावर तुटून पडलेलं. परत येऊन बघतो तर मैदानाच्या कुंपणाला लागून जांभळ्या नळांची चळत! शेजारी नळाच्या चाव्यांवर बसवायची जांभळी झाकणं, चारशे फवाऱ्यांच्या जांभळ्या टोप्या. चिठ्ठी नाही, माणूस नाही. दोन वर्षांपूर्वी विल्कॉक्सच्या पोरांनी आमच्या चौकातली सिमेंटची गाय जांभळी केली होती, त्यामुळे नळही त्यांनीच रंगवले यात संशयाला जागाच नव्हती.

लुसिंडानं माझं दुकान उघडायला लावलं. "हिरवा दे. असेल तेवढा."

खोटं कशाला बोलू, मीही ब्रश धरला. दिवस मावळायच्या आत सगळं हिरवंगार केलं आणि गाणी म्हणत घरी गेलो.

सोमवारी पांढऱ्या गाडीतून एक मिशाळ माणूस उतरला. सर्गिस योनान, विल्कॉक्सच्या पाणी केंद्रातला. त्यानं नळांवरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"आम्ही!" लुसिंडानं छाती काढली. "सांगा तुमच्या कार्ट्यांना."

"बाई, नळ आमच्या माणसांनीच टाकलेत. या पाण्याचे नळ जांभळेच असतात. इथेच नाही, सगळ्या राज्यात. पिण्याच्या नळाशी गल्लत होऊ नये म्हणून. हिरव्या नळातून मी थेंब सोडू शकत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पुसून निघेल?"

"नाही निघणार. चांगला रंग आहे." आपल्या मालाच्या दर्जाचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"मग जांभळा दे."

"नाहीये."

"एवढं मोठं दुकान घालून बसलास आणि जांभळा नाही?"

"तूच ठेवू दिला नाहीस, तिया!"

दिवस मोजके होते, म्हणून आम्ही दोघं विल्कॉक्सला गेलो. ती आपलं हिरवं जाकीट काढायला तयार नव्हती. तिथला दुकानदार जाकिटाकडे बघून काय समजायचं ते समजला.

"कोणता रंग हवा, बाई?"

"तो... वांग्याचा."

"नाव घेऊन सांगा की."

"जांभळा," ती पुटपुटली.

"थांबा हं. अगं ए, बाहेर ये लवकर! हां, पुन्हा एकदा बोला."

"जां-भ-ळा!" लुसिंडा ओरडली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. तिचे कान लालबुंद झाले आणि मग एकदम ती हसत सुटली. उन्हाळाभर तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं गाय, जत्रा, हिरवे नळ सगळं सांगितलं. दुकानदार पोट धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरेक विल्कॉक्सवाले ब्रश आणि घरातले उरलेसुरले डबे घेऊन हजर!

"पेद्रोसा जांभळं करायचं, तेही परवानगीनं!" एक म्हातारा म्हणाला. "गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं मी."

आमची माणसं आधी पहाऱ्याला उभी राहिली. मग "तिकडे सुटलंय बघा" करू लागली, आणि शेवटी त्यांच्याही हातात ब्रश आले. कुठे वांगं, कुठे जांभूळ, कुठे कांद्याची साल, असल्या छटा झाल्या. सर्गिस म्हणाला, जांभळा तो जांभळा.

नळ पुरून झाले आणि पाणी सुटलं, तेव्हा लुसिंडा अनवाणी मैदानाच्या मधोमध उभी होती. चारशे फवारे एकदम उडाले. चिंब भिजून ती पोरीसारखी नाचली, आणि तिला बघून कुंपणाबाहेर दोन्ही गावं नाचली.

बर्म्युडा गवत भारी चिवट. आठवड्यात बुडाशी हिरवं झालं. महिनाअखेर तपासनीस आला, त्यानं एक काडी उपटून पाहिली आणि मैदान पास केलं. लुसिंडानं त्याच्याकडे असं बघितलं की जणू तिचाच केस उपटला.

ऑक्टोबरात मॅच झाली आणि आम्ही एका गुणानं हरलो. विल्कॉक्सचा कप्तान मैदानाच्या मधोमध आला आणि वाकला.

"थांब!"

लुसिंडा फावडं घेऊन येत होती. पोरगा दोन पावलं मागे सरला. तिनं मधोमध एक चौकोन आखला, मातीमुळासकट गवताचा तुकडा अलगद उचलला आणि प्रेक्षकांतून सर्गिसला बोलावून त्याच्या हातात ठेवला. चौतीस वर्षांत तिनं कुणाला एक काडी दिली नव्हती.

"मूठभर उपटता आणि वाळवून टाकता," ती म्हणाली. "हा नीट न्या. तुमच्या मैदानात मधोमध लावा. पाणी हेच घाला, त्याला सवय झालीय."

सर्गिसनं तो तुकडा दोन्ही हातांवर तोलत गाडीपर्यंत नेला.

सोमवारी तो ओल्या गोणपाटात तसाच एक चौकोन घेऊन आला, विल्कॉक्सच्या मैदानाच्या मधला. आमच्या खड्ड्यात तो दोन बोटं कमी पडला. तिनं फटीत माती भरली आणि अनवाणी पायानं दाबून बसवला.

आता मी दुकानात जांभळा ठेवतो, झाकणं दरवर्षी रंगवावी लागतात. परवा डबे पोचवायला गेलो तेव्हा त्या तुकड्याची कड शोधत होतो. सापडेना.

"तिया, यातला विल्कॉक्सचा कुठला?"

"कळत नाही? जो सारखं पाणी मागतो तो," असं म्हणून तिनं फवाऱ्याचं तोंड जरा तिकडे वळवलं.