पाव किलोच्या आत

माझे बाबा पुण्यातल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. तिथे दाब किलोत मोजायची पद्धत, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो. निवृत्त होऊन जमाना झाला, पण किलो काही सुटला नाही. आमच्या सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली की बाबा हॉलमधून ओरडणार, "किलोभर झाला!"

चक्कर येऊन पडले म्हणून मी त्यांना इकडे आणलं, आणि आल्यापासून त्यांचं एकच टुमणं: मला माझ्या घरी जाऊ दे. शेवटी मी अट घातली. वरचं ब्लडप्रेशर आठवडाभर एकशे चाळीसच्या आत राहिलं, तर खुशाल जा. यंत्र आणून दिलं. मी भल्या सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसला निघते, म्हणून त्यांनी स्वतः मोजायचं आणि मला फोनवर सांगायचं असं ठरलं.

फोन नेमका माझ्या मीटिंगमध्ये येई. "आत आहे गं. पाव किलोच्या आत." दहा किलोच्या बॉयलरशेजारी बसून डबा खाल्लेला माणूस, करत असेल गंमत, असं समजून मी "गुड, गुड" म्हणे आणि फोन ठेवी. आठवडा भरला. मी मुकाट्याने पुण्याच्या बसचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही पेट्रोल पंपावर गाडीत हवा भरायला थांबलो.

"थर्टी टू, सरी ना सर?" हवावाल्याने विचारलं. सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक’.

"बत्तीस म्हणजे सव्वादोन किलो. सरी, सरी," बाबा म्हणाले.

ताडून पाहावं म्हणून मी सहज मोबाइलवर हिशेब केला. बरोब्बर सव्वादोन! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाबांचा किलो म्हणजे थट्टा नव्हती, चोख हिशेब होता.

"बाबा, आज सकाळी किती होतं?"

"पाव किलोच्या..."

"नीट सांगा."

"पॉइंट चोवीस," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ते मी ब्लडप्रेशरच्या मापात, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये बदललं. एकशे शहात्तर.

माझं डोकंच फिरलं. बाबा मात्र ताठ. "मी एक अक्षर खोटं बोललो नाही. आकडा खरा होता, फक्त माप माझं होतं."

मागची गाडी हॉर्न वाजवून जीव खात होती. हा माणूस एवढं प्रेशर घेऊन एकटा बसने जाणार होता, या विचाराने मला रडूच यायला लागलं. "पण का, बाबा?"

"मग काय करू? दिवसभर भिंतींशी बोलतो. तुझं नि माझं सगळं बोलणं म्हणजे तो आकडा, आणि तोही तू ऐकत नाहीस."

तिकीट रद्द केलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि प्रेशर उतरेपर्यंत प्रवास बंद केला. बाबांनी बरीच कुरकुर करून ते मान्य केलं, पण या वेळी अट त्यांनी घातली: दुपारी फोन करायचा, आणि प्रेशर विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी केला. आकडा वर्ज्य, त्यामुळे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मी "हं" म्हटलं, ते "हं" म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझं गं? कधी मोजलंस का?"

"नाही."

"मग आज लवकर घरी ये," ते म्हणाले. "मोजू."